इंटरव्ह्यूपुरती शांतता

त्या दिवशी तासभर घरात शांतता ठेवायची, एवढंच मी ठरवलं होतं. पण मी काही ठरवलं की ते तेवढ्यावर थांबत नाही. (आमचे हे म्हणतात, "तू नुसतं पाणी तापवायचं ठरवलंस तरी अग्निशामक दलाला आधी कळवत जा.")

इंटरव्ह्यू होता आमच्या चिंगीचा. चिंगी म्हणजे माझी नणंद. ती विद्यापीठात कम्युनिकेशन शिकते. म्हणजे लोकांशी बोलावं कसं, एखादी गोष्ट त्यांच्या गळी उतरवावी कशी, असलं सगळं. त्यासाठी विद्यापीठात जावं लागतं हे मला तिच्याकडूनच कळलं. मी सातवीत शाळा सोडली, पण बोलण्याची अडचण मला कधी आली नाही. आली असेल तर ऐकणाऱ्यांना.

शेवटच्या वर्षाला त्यांना कुठल्यातरी ऑफिसात जाऊन काही महिने खरंखुरं काम करावं लागतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. पगार नाही, पण क्रेडिट मिळतात, ते मार्कांसारखे डिग्रीत धरतात. क्रेडिट नाहीत तर डिग्रीही नाही. चिंगीने अर्ज केले. वर्तमानपत्रवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. जाहिरातवाल्यांनी जागा भरल्याचं कळवलं. रेडिओवाल्यांनी बोलावलं, तर तिथे ही माइकसमोर जी गप्प बसली, ती त्यांनी पाणी दिल्यावर "थँक्यू" म्हणण्यापुरतीच बोलली.

आता एकच ठिकाण उरलं होतं. एक छोटंसं ऑफिस, आरोग्याची आणि पाण्याची सरकारी माहिती साध्या भाषेत लोकांपर्यंत पोचवणारं. तिथल्या मॅडम दौऱ्यावर होत्या, म्हणून इंटरव्ह्यू फोनवर, व्हिडिओ लावून, आमच्याच घरातून व्हायचा होता. तिला शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं की या आठवड्यात काम पक्कं झालं नाही तर विद्यापीठ यंदा क्रेडिट धरणार नाही. म्हणजे आख्खं वर्ष वाया.

चिंगीचा चेहरा एवढासा झाला होता. दिवसभर आरशासमोर उभी राहून पाठ केलेली उत्तरं म्हणायची. "मला लहानपणापासूनच संवादाची आवड आहे." मग घशात आवंढा. मग पुन्हा "मला लहानपणापासूनच." आरसासुद्धा कंटाळला असेल. मला तिची इतकी दया यायची की मी तिच्या पानात जास्तीचं वाढायचे आणि ती ते न खाता उठली की स्वतःच खायचे. (तिची काळजी अशी माझ्या अंगी लागत होती.)

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर. मध्ये दार नाही, पडदा आहे. चिंगीने खिडकीपाशी डबे रचून त्यांवर फोन उभा केला. उजेड तोंडावर छान येत होता, पण तिच्या मागे घराचं दार आणि आमचा पडदा दोन्ही दिसत होते. "वहिनी, कुणी मध्ये येता कामा नये," ती म्हणाली. मी म्हटलं, "मुंगीसुद्धा येणार नाही."

राहिला आवाज. खाली टेलरकाकांचं दुकान, त्यांचं मशीन दिवसभर खडखडत असतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना रोज सकाळी पलंगाची दिशा बदलायची हौस. आणि घरात आमचा ढब्बू, वय दीड वर्ष. पण त्याची चिंता नव्हती. तो अकराच्या आधी झोपतो तो जेवायच्या वेळेपर्यंत ढिम्म हलत नाही. मीच अधूनमधून त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना बघते.

आदल्या दिवशी मी टेलरकाकांकडे गेले.

"काका, उद्या अकरा वाजता मशीन जरा बंद ठेवाल?"

"का गं?"

"आहे थोडं."

"थोडं म्हणजे?"

आता हे सांगायचं नव्हतं. रेडिओच्या वेळी मी आख्ख्या जिन्याला आधी सांगून ठेवलं होतं, आणि मग प्रत्येक मजल्यावर थांबून "नाही झालं हो" सांगत वर चढायची वेळ आली होती. चिंगी तेव्हा आठवडाभर जिन्यातून तोंड लपवून येत-जात होती.

"नंतर सांगते," मी म्हटलं. "पण आवाज अजिबात नको. एवढे उपकार करा."

काकांनी चष्मा काढला. "घरात सगळे बरे आहेत ना?"

"आहेत, आहेत," मी म्हटलं आणि डोळे पुसले. (त्यांच्या दुकानात कापडाचा भुगा फार उडतो.)

वरच्या काकूंनाही असंच सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "काही बोलू नकोस. मी समजले." मला बरं वाटलं. इतक्या पटकन समजणारं माणूस मिळणं कठीण.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी बिल्डिंगमध्ये जी शांतता पसरली, तशी मी जन्मात ऐकली नव्हती. लोक चपला हातात घेऊन जिना उतरत होते. गेटवर आलेल्या भंगारवाल्याला कुणीतरी हातवारे करून परत पाठवलं. काकू दारात उभ्या राहून, ज्याच्या तोंडून खोकला निघेल त्याच्याकडे डोळे वटारत होत्या. मी दोन वेळा त्यांना बघून हसले, तर त्यांनी मान हलवून "धीर धर" अशी खूण केली. मी म्हटलं, बघा, माझ्यापेक्षा यांनाच चिंगीची जास्त काळजी.

ढब्बू वेळेवर झोपला. मी पडद्याआड त्याच्याजवळ बसले. बाहेर फोन लागला, मॅडमचा आवाज आला. त्याच वेळी खाली काकांनी मशीन थांबवलं.

आणि ढब्बूने डोळे उघडले.

रडला नाही. उठून बसला आणि इकडेतिकडे बघू लागला, जणू त्याचं काहीतरी कुणीतरी उचलून नेलं होतं. मी थोपटलं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की चोर मीच. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेलरकाकांची सुट्टी सोमवारी असते, आणि ढब्बू सोमवारी कधीच झोपत नाही. मी त्याला दर सोमवारी दात येत असतील म्हणून डॉक्टरांकडे नेत होते. डॉक्टर एकदा म्हणाले होते, "अहो, दातांना वार कळतो का?" मला ते डॉक्टर तेव्हा फार उद्धट वाटले होते.

बाहेर मॅडम विचारत होत्या, "तुला हे काम का करावंसं वाटतं?"

"मला लहानपणापासूनच," चिंगी म्हणाली आणि थांबली.

ढब्बूने भोकाड पसरायला तोंड उघडलं. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि कानाशी तोंडानेच मशीन सुरू केलं. "खटखटखट खर्रर्र खटखटखट." तो गप्प. मी श्वास घ्यायला थांबले की पुन्हा तोंड उघडायचा. माझ्या तोंडाला फेस यायची वेळ आली. टेलरकाकांना फोन लावला, तर शब्द पाळायचा म्हणून त्यांनी फोनही बंद ठेवलेला. खाली जायचं तर चिंगीच्या पाठीमागून, कॅमेऱ्यासमोरून जावं लागणार.

"हा कसला आवाज येतोय?" मॅडमनी विचारलं.

"संवादाची आवड आहे," चिंगी म्हणाली. बिचारीचं अडकलेलं वाक्य नेमकं तेव्हाच सुटलं.

मग माझं लक्ष मिक्सरकडे गेलं. (इथे शहाण्या बाईने थांबून विचार केला असता.) मी रिकाम्या भांड्याला खालून टॉवेल गुंडाळला, म्हणजे आवाज दबेल, आणि बटण दाबलं. आवाज काही दबला नाही, पण ढब्बू विरघळला. मान टाकली, डोळे मिटले. मी मिक्सर बंद केला, त्याला अलगद गादीवर टेकवलं, मला गहिवरून आलं.

एवढ्यात वरून धाडधाड आवाज आला. काकू झाडूच्या दांड्याने जमीन ठोकत होत्या. मग जिन्यात पावलं वाजली, आणि बाहेरचं दार उघडून टेलरकाका आत आले, गळ्यात टेप, मागे काकू, हातात झाडू. दोघेही थेट चिंगीच्या खांद्यामागे, मॅडमच्या डोळ्यांसमोर.

"मिक्सर कोणी लावला?" काका दबक्या आवाजात ओरडले. "मी गिऱ्हाइकं परत पाठवली, आणि तुमच्याच घरात?"

"अहो, माणूस आजारी आहे आत," काकू म्हणाल्या. "निदान शेवटच्या वेळी तरी शांतता द्या."

"कोण आजारी आहे?" मॅडमनी विचारलं.

आता मला बाहेर जाणं भाग होतं. मी घाईघाईने उचलून कडेवर घेतलं आणि थोपटत थोपटत पडदा बाजूला केला, "शू, शू" म्हणत. "काका, कुणी आजारी नाही हो. तो तुमच्या मशीनवर झोपतो. मशीन थांबलं, तो उठला, म्हणून मिक्सर."

"मग काल रडत होतीस ती?"

"तो तुमचा भुगा."

चिंगी खुर्चीत दगडासारखी बसली होती. तिच्या मानेवरूनच मला कळलं की वर्ष गेलं, आणि ते मी घालवलं.

मॅडमचा आवाज आला, शांत. "बाई गं, तुझ्या घरी नेमकं काय चाललंय, ते मला सांगशील? मी इथे एकटी आहे आणि मला काही कळलेलं नाही."

चिंगी एकदा मागे वळली, आमच्या तिघांकडे बघितलं, आणि बोलायला लागली.

"मॅडम, वहिनीने माझ्या इंटरव्ह्यूसाठी सगळ्यांकडे शांतता मागितली. कशासाठी ते सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी मला नकार आला तेव्हा मला चारचौघांत फार लाजिरवाणं झालं होतं, ते पुन्हा होऊ नये म्हणून. यांना वाटलं घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. माझा भाचा मशीनच्या आवाजावर झोपतो, हे आम्हालाच आत्ता कळलं. मशीन थांबलं म्हणून तो उठला. त्याला झोपवायला मिक्सर लावला. आणि आजारी माणसाच्या घरात मिक्सर लागला म्हणून हे दोघे रागावून आले."

एकदाही आवंढा नाही. मी बघतच राहिले.

"चूक कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"हेतू कुणाचाच वाईट नव्हता," चिंगी म्हणाली. "पण काय करायचं ते सगळ्यांना सांगितलं, आणि का करायचं ते कुणालाच नाही."

"हे पाठ केलेलं आहे?"

"नाही, मॅडम."

"बरं झालं. आधीचं पाठ केलेलं होतं. आम्ही गावाला पाणी बंद राहील म्हणून सांगतो आणि का ते सांगायचं विसरतो, मग लोक विहिरीत विष पडलं म्हणून घाबरतात. 'का' ते सांगणारी माणसं मला हवीच आहेत. पुढच्या आठवड्यापासून ये. सरांना मी आजच कळवते."

फोन बंद झाला आणि चिंगी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. काका म्हणाले, "इंटरव्ह्यू होता होय? आधी सांगायचं नाही का, मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो असतो." काकू म्हणाल्या की त्यांनी आमच्यासाठी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवलाय, दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. मी म्हटलं, "असू द्या, आनंदाच्या घरातही आज पेटलेली नाही." काका खाली गेले, मशीन सुरू झालं, आणि ढब्बू संध्याकाळपर्यंत झोपला.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. थोडी भर घालून. म्हटलं, पोर कडेवर, समोर एवढा गोंधळ, तरी मी डगमगले नाही, थोपटत होते ते थोपटतच होते. आई म्हणजे काय ते मॅडमनी बघितलं असेल. ह्यांनी पहिल्यांदाच मध्ये काही न बोलता ऐकून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी चिंगी विद्यापीठातून आली. क्रेडिट मंजूर झाले होते. इंटरव्ह्यू खरंच झाला याचा पुरावा म्हणून ऑफिसने त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आणि सरांनी ते आख्ख्या वर्गाला दाखवलं होतं.

"मी दिसते का गं त्यात?" मी केस सारखे करत विचारलं.

"दिसतेस की. मधोमध."

"सर काही म्हणाले?"

चिंगीने ओठ दाबून धरले, पण फार वेळ जमलं नाही.

"म्हणाले, बाळ आत झोपलंय ते कळलं. पण तुमच्या वहिनी ज्याला इतकं प्रेमाने थोपटत बाहेर आल्या, त्या टॉवेलातल्या मिक्सरच्या भांड्याला झोप लागली का, तेवढं विचारून ये."