हेलपाट्याचा होन

गजाननास वंदन करोन, आणि खरे तेच लिहावयास बळ मागोन, ही हकीकत मांडिली. शके पंधराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, एका राज्यात ऐसा शिरस्ता होता की, घर गहाण ठेवोन खजिन्यातून कर्ज घ्यावे तर आधी सरकारी पाहणीदाराने आत फिरोन घराचे मोल लिहावे. पाहणीदार रायाजीपंत मोठे चोख, परंतु लोकांनी त्यांचे तोंडास पाने पुसली. दिवस नेमावा, आणि पंतांनी चार कोस घोडी दामटीत जावे, आणि दारास कुलूप असावे, आणि घरधन्याने उद्या खुशाल म्हणावे, "घरीच होतो की, आपणच आला नाहीत." मग पंतांनी हुजुरास अर्ज करोन हेलपाट्याचा होन बसविला. दारी एक घटका थांबावे, कोणी न उघडल्यास चौकटीस गेरूचा पट्टा ओढोन परतावे, आणि होन भरल्याखेरीज दुसरी खेप नाही. लोक सुतासारखे सरळ जाहले आणि पंत संतोष पावले.

त्याच साली येसजी धारकरी शत्रूचे बंदीत पडला, आणि शत्रूने पौर्णिमेची मुदत घालोन खंडणी मागितली, आणि त्याची बायको म्हाळसाबाई घर गहाण ठेवावयास निघाली. पंत नेमल्या दिवशी गेले, दार ठोठाविले, घटकाभर बसले, पट्टा ओढोन परतले. बाई कचेरीत आली.

"पंत, मी पहाटेपासून दारातच बसले होते."

"बाई, सगळे हेच म्हणतात. होन भरा."

बाईने पाटल्या मोडोन होन भरिला. मग पंत पुन्हा गेले, आणि पुन्हा दार बंद, आणि दुसरा पट्टा ओढिला. पंतांस संताप आला. बाई घरची भांडी विकोन दुसरा होन जमवोन भरी तोवर पौर्णिमा उलटली, आणि येसजीचे मुंडासे तेवढे घरी आले.

होन भरिला होता, सबब पंत तिसरे खेपेस गेले. तो घरामागून बायकांचा आकांत ऐकिला, आणि पंत वळसा घालोन मागे गेले. तेथे दुसरे दार उघडे होते. दारात घोंगडी अंथरलेली, पाण्याचा तांब्या भरलेला, आणि पाहणीदारासाठी मांडिलेला विडा सुकोन गेलेला.

"मग पुढले दार?" पंतांनी पुसले.

"ते थोरल्या दिरांचे वाटणीस गेले. मध्ये भिंत घातली, आणि ते चार वर्षे मुलखाबाहेर आहेत. आमचा राबता मागूनच, पंत."

"सांगितले का नाही, बाई?"

"आपण पुसले कोठे?"

पंत माघारी वळू लागले तो बाई म्हणाली, "होन भरला आहे. घर पाहून घ्या."

मग पंतांनी खोल्या मोजिल्या आणि मोल लिहिले. ते खंडणीच्या तिप्पट भरले. पंत दोन होन परत देऊ लागले, बाईने हात पुढे केला नाही.

सारांश, पंतांनी पुढे वीस वर्षे चाकरी केली आणि होन कधी माफ केला नाही. परंतु पट्टा ओढण्याआधी ते घरामागे जाऊन येत असत.