टाकीवर गेलेला पहिला माणूस

माणूस वर जातो ही मोठी गोष्ट नाही. वर जाऊन जे दिसलं ते खाली येऊन सांगतो, ही मोठी गोष्ट आहे. एकोणीसशे एकसष्ट साली रशियाचा युरी गागारीन पृथ्वीभोवती चक्कर मारून एकशे आठ मिनिटांत परत आला (जपमाळेत मणीही तितकेच असतात, हे त्याला कोणी सांगितलं नसावं) आणि जे दिसलं ते त्यानं बिनधास्त सांगून टाकलं. त्याला ते सोपं गेलं. पृथ्वीचं बांधकाम त्याच्या गावच्या जावयानं केलेलं नव्हतं.

आमच्या बोरखडकची गोष्ट वेगळी. मी किशन, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि गावच्या भ्रष्टाचार निर्मूलन समितीचा अध्यक्ष. आमची समिती भ्रष्टाचाराच्या इतकी विरोधात आहे, की तिनं आजवर त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. दर शनिवारी आम्ही पारावर जमतो, निषेध करतो आणि चहा पितो. (निषेध तोंडी असतो. चहा प्रत्यक्ष असतो.)

गावात पाण्याची टाकी आहे. उंच, निळी, देखणी. धनजकडून येणाऱ्याला गावाआधी टाकी दिसते. घरोघरी नळ आहेत, नळांना तोट्या आहेत, आणि तोट्यांतून वारा येतो. उन्हाळ्यात तो गरम येतो, ही वेगळी सोय. साहेब पाहणीला आले की गाडीतून उतरून मान वर करतात, "टाकी आहे," म्हणतात आणि जातात. त्यात खोटं काहीच नाही.

टाकी बांधली ऋषिकेशरावांनी. ते आमच्या सरपंच गोमतीबाईंचे जावई, आणि सरपंचाचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. त्यांना बिल विचारणं म्हणजे पाहुण्याला 'कधी जाता' असं विचारण्यासारखं. तितके आम्ही हलकट नाही.

अडचण आणली ती रुख्मिणीनं. रुख्मिणी म्हणजे माझा शेजारी जगदेव याची बायको. त्यांची एकुलती एक लेक योगिनी मालेगावात दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण योगिनीच्या सासूनं निरोप धाडला: "तुमच्या गावात पानी नाई. लेकराचे लंगोट काय वाऱ्यानं धुसान? नाई पाठवत पोरीले." त्या दिवशी रुख्मिणी जेवली नाही. शनिवारी ती पारावर आली.

"किशनभाऊ, टाकी भरेल हाये का रिकामी हाये, येवढंच सांगा मले."

इतका थेट प्रश्न समितीला पूर्वी कोणी विचारला नव्हता. आम्ही तालुक्याला रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, आणि काय सुंदर मराठी! 'सदर टाकी सुस्थितीत असून दररोज भरण्यात येते. तथापि शंका असल्यास कोणत्याही नागरिकाने कार्यालयीन वेळेत टाकीच्या माथ्यावर जाऊन समक्ष खात्री करून घेण्यास हरकत नसावी.'

हरकत एकच होती. टाकीची शिडी वरून खाली येता येता निम्म्यात थांबते. उरलेली निम्मी दुसऱ्या टप्प्यात आहे. (काम वरून सुरू करण्याचा फायदा असा, की खालून कोणी सुरू करत नाही.) म्हणजे नागरिकानं आधी निम्मं आकाश आपल्या जबाबदारीवर चढायचं होतं. त्याच बैठकीत आम्ही नाव बदलून 'भ्रष्टाचार निर्मूलन व अवकाश समिती' केलं आणि कामाला लागलो.

रशियानं माणसाआधी कुत्री पाठवली होती. ती परत आली नाही, हे मी सांगताच गावातल्या सगळ्या बेवारस कुत्र्यांना मालक निघाले. म्हणून कोंबडा घेतला. क्रेटमध्ये बसवून, शिडीच्या खालच्या पायरीवरून दोर टाकून त्याला टाकीच्या निम्म्यापर्यंत चढवलं. शास्त्रात याला उपकक्षीय उड्डाण म्हणतात. कोंबडा सुखरूप उतरला, पण काही केल्या अहवाल देईना. संध्याकाळी समितीनं त्याची सखोल चौकशी केली. रस्सा जरा तिखट झाला होता.

मग अंतराळवीर. अटी तीन: वजन कमी, चक्कर न येणारा आणि जावयांशी नातं नसलेला. तिसऱ्या अटीनं गाव ओस पडलं, म्हणून ती वगळली. दुसरीनं अध्यक्ष वगळले गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. उरला जगदेव. त्याला मंगरूळपीरला नेऊन आकाशपाळण्यात बसवला. उतरल्याबरोबर तो भडाभडा ओकला. खऱ्या अंतराळवीरांनाही असंच होतं, तेव्हा त्याला उत्तीर्ण केला. हेल्मेट गावात एकच होतं, मालेगावच्या चौकात पोलिस दिसले की घालायचं. ते त्याला दिलं.

उड्डाणाचा दिवस ठरला तो धोंड्याच्या महिन्यातला. त्या दिवशी गोमतीबाईंनी जावयांना जेवायला बोलावलं होतं, सोबत अख्खं गाव. मांडववाल्याची लांब शिडी आणि ट्रॅक्टर गावात फुकट उपलब्ध होते. (जावयांचे पाय धुवायला मालेगावाहून पाण्याचा टँकरही आला होता, पण तो विषय वेगळा.) भ्रष्टाचाराविरुद्धच्या मोहिमेला ठेकेदाराच्याच मांडवाचं साहित्य वापरणारं आमचं बहुधा देशातलं पहिलं गाव असेल.

टाकीखाली ट्रॉली लावली, ट्रॉलीवर शिडी उभी केली. उलटे आकडे मोजायची परदेशी पद्धत मी नामंजूर केली. ताटावर चमचा दोनदा आपटला, टिंग टिंग. डबल बेल. जगदेव सुटला.

काय सांगू तो थरार! चढला हो गडी. लोखंडी शिडीला लागला, माथ्यावर पोचला, झाकण उघडलं, डोकं आत घातलं. बराच वेळ डोकं आतच होतं. रुख्मिणी खाली पदर तोंडात धरून उभी होती. मग तो उतरला. मांडवातून खुद्द जावई आले. कपाळाला कुंकू, अंगात नवा सफारी, हातात हार.

"बोला जगदेवभाऊ," गोमतीबाई म्हणाल्या, "काय दिसलं? जवाईबापू आयकून राह्यले."

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. जगदेवनं नारायणाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, हेल्मेटची काच खाली ओढली.

"वरून गाव लय साजरं दिसते," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिथल्या तिथे ठराव मांडला: नागरिकांनी समक्ष पाहणी केली, तक्रार उरलेली नाही. आणि पंगत बसली.

"अन् पानी?" रुख्मिणीनं नवऱ्याला विचारलं.

"आधी जेवू दे त्याईले," जगदेव पुटपुटला.

रुख्मिणी तडक वळली. घरी गेली, हंडा आणला, पदर खोचला आणि शिडी धरली. आम्ही कोणी पाहिलं नाही. अनारसे वाढत होते.

ठण्ण! ठण्ण!

बाई टाकीच्या आत उतरून हंडा भिंतीवर आपटत होती. भरलेली टाकी वाजत नाही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण पंगतीत सगळे पहिलीच्या पुढे शिकलेले होते.

"कोनत्या मंदिराची घंटा हो ही?" जावयांनी विचारलं.

साऱ्या पंगतीनं हात जोडले. मी एकच जोडला, दुसरा तुपात होता. दोन ठोके म्हणजे डबल बेल, माझे पाय सवयीनं अर्धे उठलेही. तेवढ्यात आमरस आला, मग बसलो.

"अरे मेल्यांनो!" आता ती झाकणातून ओरडत होती. "आत सेंट्रिंगच्या फळ्या हायेत नुसत्या! पान्याचा थेंब नाई! कबुतरं संसार करून राह्यले! माह्या पोरीनं कुठी बाळंत व्हावं?"

आणि एक फळी खाली आली. आमरसाच्या पातेल्यात. तरी कोणी मान वर केली नाही. अवकाशातून अधूनमधून काहीबाही पडत असतं, असं मी शेजारच्याला समजावून सांगितलं.

उठली ती निता. गोमतीबाईंची लेक, म्हणजे खुद्द जावयांची बायको. हातात ओवाळायचं ताट होतं, त्यातला दिवा तिनं खाली ठेवला.

"निता, कुठी चालली?" जावई दचकले.

"वर. टाकी माह्या माहेरची हाये, पाह्यतो तं खरं."

मग काय विचारता! तिच्यामागे वाढणाऱ्या बायका, पोळ्या लाटणाऱ्या बायका, भांडी घासणाऱ्या बायका. कोणी परात घेतली, कोणी घागर, भागिरथा म्हातारीनं तर चुलीवरचा तवा नेला. अमेरिका आणि रशियानं मिळून जेवढी माणसं वर पाठवायला वर्षं घालवली, तेवढी बोरखडकनं दुपारच्या आत कक्षेत सोडली, तीही हेल्मेटशिवाय. टाकी अशी दणाणली की जावयांच्या पानातले अनारसे थुईथुई नाचायला लागले. पाणी पायाला लागल्याशिवाय उतरणार नाही, असं वरून जाहीर झालं.

पुरुष मंडळी शांत होती. मात्र संध्याकाळी कोणालाच चहा मिळाला नाही, तेव्हा टाकी रिकामी असल्याचं सर्वानुमते निष्पन्न झालं.

फळ्या निघाल्या, पंप जोडला गेला, आठवड्यात नळाला पाणी आलं. योगिनी आली. तिला मुलगी झाली, आणि जगदेवच्या अंगणात दोरीभर ओले लंगोट टपटपत उभे राहिले. रुख्मिणी त्या दोरीखाली उभी राहून ढसाढसा रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

टाकीला संगमरवरी पाटी बसवली: 'नागरिकांच्या लढ्याचे यश'. त्यावर अध्यक्ष म्हणून माझं नाव आहे, पहिला अवकाशवीर म्हणून जगदेवचं आहे. बायकांच्या नावांना जागा उरली नाही. शिडीचा दुसरा टप्पा ऋषिकेशरावांनाच दिला, घरचा माणूस आहे. पाटी वाचून रुख्मिणी एवढंच म्हणाली, "राहू द्या, भाऊ. हंडा म्या वरच ठेवला हाये."

तुमच्याही गावात टाकी असेलच. जरा कान द्या. आवाज येत नसेल तर ती भरलेली आहे असं समजू नका. तुमच्याकडची रुख्मिणी अजून वर गेलेली नाही, इतकंच. आणि आवाज येत असेल, तर आधी आपले हात कुठे आहेत ते बघा: जोडलेले आहेत, की पानात.