वर गेलेलं पाणी

गळक्या नळाकडे ढुंकूनही न पाहणारा, पण दोरीवरच्या ओल्या साड्या बघून पिसाळणारा घरमालक जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

"नळाचं जमिनीत मुरतं, मत्ते बोअरला येतं की हो!" श्रीपादराव गच्चीवरून ओरडतात. "साडीचं वर जातं. सुम्ने कशाला धुता रोज?"

रावांची म्हैसुरातली ही तिसरी पिढी; 'परत'ला मत्ते आणि 'उगाच'ला सुम्ने म्हणतात. मी सोलापूरची. सरस्वतीपुरमात त्यांची भाडेकरू आणि, नशीब बघा, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातही त्यांच्याच हाताखाली. धरणात पाणी कमी असलं की कालव्याखालच्या उन्हाळी भाताला बंदी येते. त्या बंदीने खरंच किती पाणी वाचलं, ते आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून काढतो. कुठलं शेत किती पाणी हवेत सोडतंय, ते त्यात कळतं. चित्रं ऑफिसात सोडून घरी यावं ना माणसाने! पण लग्नाच्या पंगतीत वाफाळता भात वाढला तरी हे शेजारच्याला सांगणार, "बघा, चाललं वर!" मी पान उचलून दुसऱ्या पंगतीत बसले.

बंदीत हिरवं दिसलेलं शेत यादीत जातं आणि मालकाचा पंप जप्त होतो. रावांनी सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही. मेहुणा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

यंदा कृष्णराजनगरजवळ असाच एक हिरवा ठिपका निघाला. खात्री करायला रविवारी मला स्कूटरवर घालून नेलं. कंबरेचा भुगा झाला. भर उन्हात एक म्हातारी छोटा पंप लावून भाताला पाणी देत होती.

"बंदी ठाऊक नाही?" रावांनी कन्नडमध्ये दरडावलं.

"मगा बर्तीनि अंदवने," ती म्हणाली. मुलगा येतो म्हणालाय. त्याला घरचाच भात लागतो.

"मागे कधी आला होता?"

तिने पाण्याची धार पुढच्या वाफ्याकडे वळवली. रावांनी स्कूटर वळवली. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. 'यंदा येतो म्हणालाय' हे मी त्यांच्या तोंडून तीन वर्षं ऐकतेय. मला एकदम त्यांची फार माया आली.

सोमवारी त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. म्हातारीच्या शेतापुढे लिहिलं होतं, 'ढगामुळे दिसत नाही.'

"सर, ढग?"

"होता की हो, बाई. तुम्ही नाही पाहिला?"

उन्हाने माझं नाक अजून सोलवटलेलं होतं.

"पाहिला," म्हटलं, आणि सही केली.