उडत्या झग्याच्या सौद्याची हकीकत

पुढे कोणी पुसिल्यास साक्षीस असावे म्हणोन हे वर्तमान यथास्थित कागदी चढविले आहे. यात पदरचे काही घातले नाही, आणि घातले असल्यास तेही खरेच समजावे.

रविवारी दोन प्रहरी जेवणाची भांडी उचलिली आणि मग त्याच मेजावर रणभूमी मांडिली. खेळ सोंगांचा आणि फाशांचा: प्रत्येकाने एका शूराचे सोंग घ्यावे, फासे टाकावे, आणि सूत्रधार सांगेल त्या मुलुखात लढावे. सूत्रधारी नणंदबाईंकडे होती. पेशा घरांचे नकाशे काढण्याचा, सबब त्यांनी तीन महिने खपून राक्षसाच्या किल्ल्याचे सात दरवाजे जातीने रेखाटिले होते, आणि दर उंबरठ्याशी एक गुप्त खड्डा खणून ठेविला होता. ते दरवाजे कोणी नीट पाहावे एवढीच बाईंची मनीषा होती, आणि ती त्यांनी कोणास सांगितली नव्हती.

समोर फौज दोन असामींची. एक बाईंचे बंधू दादासाहेब, सोंग कुऱ्हाडबहाद्दराचे, लक्ष बिस्किटांच्या डब्याकडे. दुसऱ्या त्यांचे कुटुंब वहिनीसाहेब, शिवणाच्या दुकानाच्या मालकीण, सोंग जादूगारणीचे.

वाटेत जादूच्या वस्तूंचे दुकान लागले. तेथे बाईंनी शोभेकरिता एक उडता झगा टांगिला होता, आणि शोभेकरिताच लिहिले होते की हा रणी पडलेल्या वीराच्या अंगावरील असून भाल्याने छेदिला आहे. वहिनीसाहेबांनी किंमत पुसिली, तशा बाई सावध झाल्या. झगा हाती लागला तर ही तटावरून उडून थेट राक्षसाच्या शय्यागृही उतरेल, आणि सातही दरवाजे न पाहिलेले राहतील. मग फर्मान सुटले की किंमत चाळीस हजार मोहरा, कवडी कमी होणे नाही. फौजेच्या खजिन्यात नऊ हजार होत्या.

वहिनीसाहेबांनी चष्मा लाविला.

"अगं, मेलेल्या माणसाच्या अंगावरचा, त्यात भोक! रफू मलाच करावं लागणार. नऊ हजार देते, तेही तू घरची म्हणून."

बाईंनी बंधूंकडे कुमक मागितली. त्यांनी मला यात ओढू नका ऐसा जबाब दिला आणि चौथे बिस्किट काबीज केले.

आपल्याच लेखणीने घात केला, हे बाईंनी जाणिले. परंतु हिंमत न सोडता त्यांनी दुसरे फर्मान काढिले की झगा नऊ हजारांस दिला, मात्र ज्या भोकाने किंमत उतरली त्याच भोकातून जादूही गळाली आहे, सबब झगा जमिनीपासून वीतभरच उडेल आणि चाल गोगलगाईची राहील. वहिनीसाहेबांनी हे रास्त आहे ऐसे कबूल केले, आणि सौदा पटला.

मग कूच झाले. वहिनीसाहेब दादासाहेबांस पाठुंगळी घेऊन पहिल्या दरवाजातून वीतभर उंच तरंगत गेल्या आणि खड्डा खाली तसाच राहिला. दुसराही राहिला. तिसऱ्यापाशी बाईंच्या ध्यानी आले की खड्डे पाय टेकणाऱ्यांकरिता असतात, आणि बाईंचे तोंड एवढेसे झाले.

परंतु गोगलगाईच्या चालीने घाई करिता येईना. चौथ्या दरवाजाशी वहिनीसाहेबांनी नकाशा ओढून डोळ्यांजवळ नेला.

"थांब, फासे नको टाकूस. ही वेल तू हातानं काढलीस? बघू दे नीट."

मग त्यांनी मागले तीनही दरवाजे पुन्हा पाहिले, पुढले तीनही पाहिले, आणि दादासाहेबांस डबा खाली ठेवून पाहावयास लाविले. बाई फासे मुठीत धरून बसल्या. सातवा दरवाजा ओलांडेतो दिवेलागण झाली, आणि राक्षसाशी लढणे तहकूब राहिले.

सबब नोंद केली ऐसीजे: झगा मातीमोल गेला, सातही खड्डे रिकामे राहिले, किल्ला अद्याप राक्षसाकडे आहे, आणि मोहीम नणंदबाईंनी फत्ते केली.