हंबीररावांची चंद्री पळते

पाडव्याच्या दुपारी हंबीररावांनी चंद्रीच्या शिंगांना पुन्हा एकदा रंग फासला. चंद्री ही त्यांची म्हैस. मोटारसायकल सुरू केली की ती मागून सुसाट पळते, हे त्यांनी मुलीच्या साखरपुड्यात इतक्या वेळा सांगितलं होतं, की व्याही जोतीराम आजऱ्याहून खास ते बघायला आले होते. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत म्हशी सजवून गाडीमागे पळवायच्या, ही कोल्हापूरची जुनीच हौस. आज चंद्री पळाली नाही, तर मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर मान वर करायची सोय उरणार नव्हती.

तसं भिण्यासारखं काही नव्हतंच. रोज पहाटे हंबीरराव आपली राजदूत मोटारसायकल काढत, मागे बायको धोंडुबाई रिकामी किटली घेऊन बसे आणि चंद्री त्यांच्यामागून रतीब घालायला पळे. गिऱ्हाइकांना डोळ्यांदेखत काढलेलंच दूध लागायचं. आजचा रस्ताही तोच होता. फक्त आज सण होता. त्यामुळे गाडी लख्ख पुसलेली, किटली घरात, धोंडुबाई बायकांच्या घोळक्यात, आणि हंबीरराव कडक इस्त्रीच्या शर्टात, डोक्याला तांबडा फेटा.

त्यांनी किक मारली. फटफट आवाज करत गाडी पुढे गेली. चंद्रीने एकदा बघितलं आणि रवंथ सुरू केलं.

“पावणं, जरा लाजत्याय ती,” हंबीरराव परत येत म्हणाले.

“म्हस?” जोतीरामांनी विचारलं.

शेजारचा सिकंदर पुढे झाला. “तुमास्नी वळखंना झालीय. रोज कशावर असतासा?”

“बनियनवर.”

“मग काढा की शर्ट!”

फेटा गेला, शर्ट गेला. हंबीरराव बनियनवर गाडीवर बसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चंद्री दोन पावलं चालली आणि थांबली. मग सिकंदरने किटली आणून हँडलला अडकवली. ती खडखडली तसे चंद्रीचे कान उभे राहिले, पण तिची नजर गाडीच्या मागच्या मोकळ्या सीटवर खिळली होती.

“बस मागं,” हंबीरराव बायकोवर खेकसले.

“ह्या जरीच्या लुगड्यात?”

“पावणं बघायल्यात. बस म्हंतो न्हवं!”

धोंडुबाई बसली, किटली वाजली, आणि चंद्री अशी उधळली की गळ्यातल्या कवड्यांच्या माळा पाठीवर आल्या. गल्ली ओरडायला लागली. जोतीरामसुद्धा धोतर सावरत मागून पळू लागले. हंबीररावांची छाती बनियनमध्ये मावेना. इतका आनंद त्यांना मुलगी पास झाली तेव्हाही झाला नव्हता. समोर सरळ रस्त्याच्या टोकाला, जिथवर पळायचं होतं तिथली निशाणं दिसत होती.

पण निशाणांच्या अलीकडे रोजच्या गिऱ्हाईक ताजबींचा बोळ होता. हंबीररावांचं लक्ष लोकांकडे होतं आणि हातांनी आपलं रोजचं काम केलं. गाडी डावीकडे वळून ताजबींच्या दारात थांबली. हंबीररावांनी स्टँड लावलं आणि खणखणीत आरोळी दिली, “दूऽऽध!”

चंद्री आपणहून भिंतीला लागून उभी राहिली. धोंडुबाईने किटली घेतली, लुगडं खोचलं आणि खाली बसून धार काढायला सुरुवात केली. आतून ताजबी पातेलं घेऊन आल्या आणि पुढे धरून उभ्या राहिल्या. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पातेल्यात दूध पडल्यावर ताजबी म्हणाल्या, “हंबीरभाऊ, सकाळचं दूध तर घालून गेलतासा की! आन् कापडं कुठं गेली तुमची?”

हंबीररावांनी आधी स्वतःकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. अख्खी गल्ली बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि सर्वांत पुढे जोतीराम धापा टाकत होते. आता पळून जावं तर म्हैसही मागे येणार.

“पावणं,” हंबीररावांनी बळ गोळा केलं, “म्हस मागं आली का न्हाय?”

“आली की! तिचं काय चुकलं न्हाय,” जोतीराम हसू दाबत म्हणाले. “पर तुमी कुणाच्या मागं आलासा?”

याला ठणकावून उत्तर द्यायलाच हवं होतं. हंबीररावांनी तोंड उघडलं, आणि त्या दारात रोज जे निघायचं तेच निघालं.

“आज किती घालू?”