टेप नडली

आयर्लंडला आलेले पाहुणे समुद्राचे कडे बघायला जातात. दिघेकाकांकडे आलेल्यांना आधी एक दफनभूमी बघावी लागते.

आमच्या मेनूथ गावापासून गाडीनं थोड्या अंतरावर, शेतांच्या मधोमध ती आहे. राजीनामा देऊन घरी गेलेल्या एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचे पूर्वज तिथे पुरलेत, आणि सत्तेवर असताना तो स्वतः येऊन बघून गेला होता. काकांची मेहुणी पुण्याहून आली, तेव्हा तिला चिखलात उभं करून त्यांनी भर पावसात त्याचं अख्खं चरित्र ऐकवलं. किराणा दुकानदाराचा मुलगा, निवडणूक हरला, पुन्हा उभा राहिला, जवळजवळ सगळी राज्यं जिंकला. पण त्याच निवडणुकीच्या आधी त्याच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कचेरीत घरफोडी केली होती.

"लोक तेही विसरले असते," काका बोट वर करून म्हणाले. "पण पठ्ठ्यानं स्वतःच्याच ऑफिसात रेकॉर्डर लावून ठेवलेला. टेप नडली!"

मेहुणीला फक्त सर्दी नडली.

काका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. ऑनलाइन मीटिंगमध्ये रेकॉर्डिंग चालू असेल तर ते नुसती मान हलवतात. मंडळाच्या गणपतीत कुणी व्हिडिओ काढायला लागलं की हे खांबाआड. अहो, तुम्हाला कसली भीती, असं विचारलं तर म्हणायचे, त्यालाही कसलीच नव्हती.

सगळ्यात जास्त जाच मीनाकाकूंना. त्यांचे हात कायम पिठात नाहीतर तेलात, त्यामुळे त्या टाइप करायच्या नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवायच्या. आमचं घर त्यांना लागूनच. काका यायचे, चहा घ्यायचे आणि माझ्या फोनकडे बघून म्हणायचे, "ऐकलास ना? आता उडव." मी त्यांच्यासमोर उडवायचे. स्वतःच्या फोनमधलेही ते रोज जेवण झाल्यावर साफ करायचे, ताट घासावं तसे.

या फेब्रुवारीत काकू गेल्या. दुखणं कळलं तेव्हाच उशीर झाला होता. शेजारच्या आयरिश बायका सँडविचचे डबे घेऊन आल्या, काकांचा हात हातात घेऊन, सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणाल्या. काका प्रत्येकीला इथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणत राहिले. मला ते बघवेना.

पंधरा-वीस दिवसांनी ते आमच्याकडे आले. बसले नाहीत. अमुक सणाचा व्हिडिओ कुणाकडे आहे का, तमक्याच्या बारशाचा आहे का, असं इकडचं तिकडचं विचारत राहिले. मग म्हणाले, "तिचा आवाज आठवत नाहीये गं मला. चेहरा दिसतो. आवाज येत नाही."

माझ्याकडे एक मेसेज होता. तो काकांबद्दलच होता, म्हणून त्यांच्यासमोर कधी काढला नव्हता आणि म्हणूनच उडवायचा राहिला होता. त्यांना वाईट वाटेल, या भीतीनं मी क्षणभर थांबले. मग लावला.

"ऐक गं, यांना पाठवतेय तुझ्याकडे. चहा दे, आणि ती राष्ट्राध्यक्षाची गोष्ट परत एकदा ऐकून घे. कंटाळा करू नकोस. माझ्याशिवाय कोण ऐकतं त्यांचं?" मागे कुकरची शिट्टी.

काका ओट्याला धरून उभे होते. परत लाव म्हणाले. मी लावला. आणखी एकदा लावला. शिट्टी झाली की ते मान वर करायचे, काकू गॅस बारीक करायला जातील असं वाटल्यासारखे. मला रडू आवरेना.

मी म्हटलं, काका, तुम्हाला पाठवते.

"नको," ते घाईनं म्हणाले. "माझ्या हाताला सवय लागलीय. जेवण झालं की उडवीन. तुझ्याकडेच राहू दे. मी येत जाईन."