निजसुऱ्यांच्या हाताचा गुण

निजसुऱ्यांच्या घरात टीव्ही नव्हता, याचे कारण घरात टीव्ही तयार होत होता. श्यामकांत निजसुऱ्यांनी त्याचा सांगाडा गॅलरीतल्या टेबलावर उभा केला, त्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न झाले. आता नात बालवाडीत जाऊ लागली होती आणि सांगाड्याला अजून पिक्चर ट्यूब लाभली नव्हती.

"विकतचा टीव्ही काय, कोणीही आणतो," श्यामकांत म्हणत.

"मग आपणही कोणीही होऊ या की एकदा," असे म्हणून त्यांच्या पत्नी उत्तराबाई रविवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी भाऊरावांकडे सिनेमा पाहायला जात.

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत श्यामकांत पहिल्या मजल्यावर राहत. एका कारखान्याच्या उपकरण-दुरुस्ती विभागातून ते निवृत्त झाले होते. टेक्निकल कॉलेजात त्यांना शिकवले गेले होते, की यंत्र जोडण्यापूर्वी त्याचा प्रत्येक भाग तपासावा आणि भाग तपासण्यापूर्वी तपासणीचे उपकरण तपासावे. टीव्ही रखडला होता तो या दुसऱ्या वाक्यामुळे. त्याचे भाग तपासायला रेडिओलहरी निर्माण करणारा सिग्नल जनरेटर हवा होता. तो श्यामकांतांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, स्वतः बांधला. पण तापला की त्याची लहर जागेवरून सरके. ती किती सरकते हे पाहण्यासाठी संध्याकाळच्या चहानंतर ते डबा चालू करीत आणि आतल्या खोलीत रेडिओ लावून कान देऊन बसत. लहर तिथवर पोहोचावी म्हणून डब्यातून निघणारी वायर त्यांनी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेला बांधली होती. ही व्यवस्था तात्पुरती होती, म्हणजे दिवाळीपासून होती.

कॉलेजने दिलेला आणखी एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. घराबाहेर पडताना टेबलाच्या कडेचा लाल मेन स्विच बंद करायचा. सासरे गेल्याची तार आली तेव्हाही त्यांनी आधी स्विच बंद केला आणि मग "अरेरे" म्हटले होते.

त्या दिवाळीनंतरच्याच एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा अंबादास धापा टाकीत दारात उभा राहिला.

"काका, चला ना लवकर! टीव्हीवर नुसत्या तिरक्या पट्ट्या. बातम्या देणारी बाई झेब्र्यासारखी दिसतेय."

श्यामकांतांनी स्विच बंद केला, हत्यारांची पिशवी घेतली आणि ते जिना चढले. अंबादासच्या पडद्यावर बाई स्वच्छ, प्रसन्न दिसत होती.

"आयला! तुम्ही दारात आलात आणि पट्ट्या पळाल्या?"

"असं काही नसतं," श्यामकांत म्हणाले. त्यांनी टीव्हीच्या मागे वाकून अँटेनाची पट्टी-वायर तपासली आणि एक स्क्रू पिळला. "हा सैल होता."

घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि डबा पुन्हा चालू केला. थोड्याच वेळात भाऊरावांची हाक आली. श्यामकांतांनी स्विच बंद केला, ते तिसरा मजला चढले आणि तिथेही त्यांना एक सैल स्क्रू सापडला. शोधायला बसले तर कोणत्याही टीव्हीत एखादा स्क्रू सैल असतोच.

महिन्याभरात निजसुरे काकांच्या हाताला गुण आहे, असे सगळी इमारत बोलू लागली. त्यांना बोलावणी येऊ लागली, आणि बोलावण्यांपाठोपाठ घरी वाट्या येऊ लागल्या. अंबादासच्या बायकोच्या कोथिंबीरवड्यांमुळे उत्तराबाईंनी संध्याकाळचे खाणे करणेच सोडले. पुढे पुढे लोक पिशवीसुद्धा उघडू देईनात.

"काही करू नका काका, नुसते बसा. सिनेमा संपेपर्यंत हलू नका म्हणजे झालं."

श्यामकांत एका घरी बसले की सगळ्या इमारतीचे टीव्ही सुधारत. पण बाकीच्या घरांना वाटे की आपला आपणच सुधारला. ते स्वतःच्या घरी बसले, की सगळे एकदम बिघडत.

अखेर भाऊरावांनी या रोगाचे मूळ खणून काढायचे ठरवले. "काका, कशानं होत असेल हो हे?"

"कारणं अनेक असू शकतात," श्यामकांत जपून म्हणाले. "उदाहरणार्थ, एखाद्या मोटरच्या ब्रशमधल्या ठिणग्या..."

भाऊरावांनी 'मोटर' एवढाच शब्द उचलला. संध्याकाळी इमारतीत चालणारी मोटर एकच होती. तळमजल्यावर नंदा ब्लाउज शिवायची. तिच्या शिलाई मशीनची. दुसऱ्या दिवशी नंदा मोजमापाची टेप गळ्यात तशीच ठेवून वर आली.

"काय ओ काका, माझ्या मोटरमुळे टीव्ही बिघडतो असं तुम्ही सांगितलंत?"

"मी 'उदाहरणार्थ' म्हणालो होतो."

"सेक्रेटरींनी नाही हा उदाहरणार्थ सांगितलं! रविवारनंतर संध्याकाळी मोटर बंद म्हणतात." तिचा आवाज उतरला. "हे गिरणी बंद पडल्यापासून घरीच आहेत. गिऱ्हाइकं ऑफिसातून सुटून मापं द्यायला येतात, तेव्हाच माझं काम सुरू. पायानं मारू म्हटलं तर गुडघा हा एवढा सुजतो. ऐन लग्नसराईत मोटर बंद म्हणजे माझं घरच बंद की हो, काका."

श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला. आपला एक जपून उच्चारलेला शब्द एका घराची चूल विझवू शकतो, हे त्यांना कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

"चाचणीशिवाय निकाल नाही," ते म्हणाले. "रविवारी सिनेमा चालू असताना रीतसर चाचणी होईल. मी स्वतः हजर राहीन."

रविवारी भाऊरावांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. उत्तराबाई पुढच्या रांगेत होत्या. अंबादास निरोप द्यायला गॅलरीत उभा होता आणि खाली नंदा मशीनवर हात ठेवून खिडकीशी बसली होती. श्यामकांतांनी घरातला स्विच बंद केला आणि ते वर आले. नंदाची मोटर बंद होती. चित्र लख्ख होते.

"बघा! सिद्ध झालं!" भाऊराव उठलेच.

"अर्धंच झालं. उलट चाचणी राहिली. अंबादास, मोटर चालू करायला सांग."

"नंदाताई, चालू!" अंबादास ओरडला. खालून मशीनची घरघर ऐकू आली. चित्र तसेच लख्ख होते.

"जोरात चालव म्हणावं!"

घरघर वाढली. नायिका आता दवाखान्यात खाटेवर पडली होती आणि तिची पापणीन् पापणी मोजता येत होती.

भाऊराव गोंधळले, पण क्षणभरच. "कळलं! काका इथे बसलेत म्हणून येतंय हे. त्यांच्यापुढे मोटरची काय टाप? काका, तुम्ही जरा घरी जा बरं."

"याला शास्त्रीय आधार नाही."

"नसू दे. जा तुम्ही."

श्यामकांत खाली आले. टेबलासमोर बसले की लाल स्विच चालू करायचा, ही हाताची सवय होती. हाताने तो चालू केला.

"गेलं!" वरून आरोळी आली. पाठोपाठ भाऊरावांचा विजयी आवाज आला. "बघा! काका गेले आणि मोटरनं डोकं वर काढलं! बंद कर गं नंदा!"

घरघर थांबली. "बंद केली हो!"

"खोटं बोलते! पट्ट्या आहेत अजून!"

"देवाशप्पथ बंद आहे! या, हात लावून बघा!"

आता आपल्याला वर गेले पाहिजे, असे श्यामकांतांना वाटले. ते उठले आणि त्यांनी नियमाप्रमाणे स्विच बंद केला.

"आलं!" अंबादास ओरडला.

श्यामकांतांचा हात स्विचवरच राहिला. त्यांनी तो सावकाश चालू केला.

"गेलं!"

बंद केला.

"आलं!"

एकदा घेतलेली नोंद योगायोग असू शकते, म्हणून ती तीनदा घ्यावी. त्यांनी पुन्हा स्विच चालू केला.

"अरे काय चाललंय काय?" भाऊराव किंचाळले. "हिरोईन मरतेय इथे!"

श्यामकांतांनी स्विच बंद केला आणि तिला स्वच्छ मरू दिले. मग त्यांची नजर डब्यावरून वायरवर, वायरवरून कपड्यांच्या तारेवर गेली. तारेवर त्यांचाच लेंगा वाळत होता. डब्यातून मूळ लहरीबरोबर तिच्या तिप्पट वेगाने कंप पावणारी एक आगंतुक लहरही निघत होती, आणि ती नेमकी टीव्हीच्या वाटेत जात होती. दिवाळीपासून ते रोज संध्याकाळी लेंग्याच्या तारेवरून प्रक्षेपण करीत होते.

हा डबा आता गुपचूप माळ्यावर टाकला, तर कोणालाही काही कळणार नव्हते. पट्ट्या थांबल्या असत्या, हाताचा गुण कायम राहिला असता आणि कदाचित वाट्याही. तेवढ्यात खालून नंदाची हाक आली, "काका, मी काय करू आता? चालू की बंद?"

श्यामकांत जिना चढून गेले.

"दोषी सापडला," ते दारातूनच म्हणाले.

"कोण?"

"मी."

भाऊराव गहिवरून म्हणाले, "काका, त्या बाईसाठी तुम्ही स्वतःवर घेताय. केवढं मन हो तुमचं!"

"मनाचा काही संबंध नाही. उत्तरा, खाली जाऊन लाल स्विच चालू कर. आणि मी हाक मारली की बंद कर."

उत्तराबाई गेल्या. पट्ट्या आल्या. श्यामकांतांनी हाक मारली, पट्ट्या गेल्या.

"म्हणजे काका," अंबादास हळूहळू हिशेब जुळवीत म्हणाला, "इतके दिवस आम्ही कोथिंबीरवड्या..."

"हो."

"आणि तो स्क्रू?"

"स्क्रू खरंच सैल होता."

भाऊरावांचा हुकूम कायम राहिला. फक्त मोटरच्या जागी डबा आला. संध्याकाळी तो बंद ठेवायचा, असे ठरले. नंदाने ब्लाउजच्या उरलेल्या अस्तराचा एक गुलाबी अभ्रा शिवून आणला आणि स्वतःच्या हाताने डबा आणि लाल स्विच या दोन्हींवर मिळून चढवला.

"बटणं नाही हा लावली, काका. हुक लावलेत, जवळ जवळ. म्हणजे सवयीनं हात गेला तरी उघडेपर्यंत आठवेल."

पट्ट्या नाहीशा झाल्या. बोलावणी थांबली, वाट्या थांबल्या आणि उत्तराबाईंना पुन्हा संध्याकाळी पोहे करावे लागू लागले. असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी भाऊराव स्वतः जिना उतरून आले.

"काका, चला! चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या मुंग्या!"

श्यामकांत गेले, टीव्हीच्या मागे वाकले, गच्चीवर जाऊन आले. "कावळ्यांनी अँटेनाची वायर तोडलीय. उद्या नवीन आणून लावतो."

"उद्या? सिनेमा आज आहे! तुम्ही आपले खाली जाऊन तुमचा तो स्विच बंद करा ना, पहिल्यासारखा. लगेच चित्र यायचं."

"भाऊराव, तो बंदच आहे."

"मग आधी चालू करा, आणि मग बंद करा!"

सगळ्या खोलीने मान डोलावली. श्यामकांतांनी शास्त्र समजावून सांगण्यासाठी श्वास घेतला. समोर अंबादासची बायको झाकलेली ताटली धरून आशेने उभी होती. पण ताटलीपेक्षा त्यांना अडवले ते त्यांच्याच वाक्याने. चाचणीशिवाय निकाल नाही, हे ते स्वतः बोलले होते.

ते खाली आले, टेबलाशी बसले आणि चष्मा नाकावर सरकवून गुलाबी अभ्रा पुढे ओढला.

"काका, झालं का?" वरून भाऊरावांची हाक आली. "नावं सुरू होतील हो!"

"थांबा," श्यामकांत म्हणाले, "अजून हुकच निघतायत."